ब्रेक दाबला की

बेलवली, बदलापूर
शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९५६

प्रिय विठा,

पाकिटावरचं अक्षर वखारीतल्या कारकुनाचं आहे. माझं पाहिलं असतंस तर न उघडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून ही लबाडी केली. आता उघडलंच आहेस तर अर्ध्यावर टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच. मराठी चौथी पास झालेला माणूस मी, जन्मभर हातात स्टेअरिंग धरलेलं, चार ओळींपलीकडे लिहायची सवय नाही. तरी आज जेवण झाल्यापासून वहीची पानं फाडत बसलोय. घाबरू नकोस, तुझी आई धडधाकट आहे. मीही आहे, म्हणजे वरून बघणाऱ्याला तसाच दिसतो.

संक्रांतीला तुझं कार्ड आलं, आईच्या नावाने. आईला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊक, म्हणजे कार्ड वाचणार मी हेही तुला ठाऊक. माझीच लेक तू, मारायचं तिथे नेमकं मारतेस. सहावा लागला, पाय सुजतात, खोपोलीचं पाणी मानवत नाही, हे सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मग ती ओळ आली. ‘ज्या घरात माझ्या नवऱ्याला खोटं पाडलं, त्या घरी मी बाळंतपणाला येणार नाही. आईने वाट बघू नये.’ ती ओळ मी गिळली. आई सूप खाली ठेवून म्हणाली, ‘कवा येते ती काय लिवलंय?’ मी म्हटलं, अंबरनाथच्या शिवरात्रीच्या जत्रेआधी. त्या दिवसापासून ती माझ्या जुन्या धोतरांची दुपटी शिवतेय. वखारीतल्या बायांना सांगून झालंय, की लेक सातव्यात येणार, पहिलं बाळंतपण माहेरी होणार. रोज संध्याकाळी मी घरी आलो की एक नवं दुपटं माझ्यापुढे पसरते आणि मी ‘वा’ म्हणतो. एवढंसं ‘वा’ म्हणायला मला किती कष्ट पडतात ते तुला कळायचं नाही.

तुझं कार्ड खोटं नव्हतं, विठा. आनंदाला खोटं पाडलं ते मीच. पण कसं आणि का ते तुला अर्धंच माहीत आहे, आणि आनंदा सांगायचा नाही. म्हणून मी सांगतो.

हरिचंद्रशेठची जीप तुला आठवते. कल्याणच्या कॅम्पातून लष्कर उठलं तेव्हा लिलावात घेतलेली. तुमची वरात तिच्यातूनच निघाली आणि वखारीपासून वेशीपर्यंत तू घुंगटातून मला दटावत होतीस की बाबा, हळू चालवा. लग्न झालं त्याच वर्षी मी शेठच्या पाया पडून आनंदाला दुसरा ड्रायव्हर म्हणून लावला. पोरगा लहानपणापासून लष्करी मेकॅनिकांच्या हाताखाली वाढलेला, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. जावई म्हणून मला अभिमान होता. ड्रायव्हर म्हणून थोडं पोटात दुखायचं. एका खोलीत दोन शहाणे राहिले की दुसरं काय होणार?

शेठ आठवड्यातून तीनदा बारवीकडच्या जंगलात जातो, तिथे त्याचे कूप आहेत, म्हणजे लाकूडतोडीसाठी ठेक्याने घेतलेले जंगलाचे पट्टे. येताना दोन मैलांची उतरण. शहाण्या माणसाने तिथे खालच्या गिअरवर गाडी उतरवावी. पण शेठला त्या गिअरची घरघर सोसत नाही. त्याला उतरताना बोलायचं असतं, आणि आपलं बोलणं स्वतःला ऐकू यायला हवं असतं. म्हणून मी वरच्या गिअरवर, नुसत्या ब्रेकवर जीप उतरवायचो. खाली बारवी नदीपाशी येईतो चाकांना करपल्याचा वास यायचा. मग मी जीप सरळ पात्रात घालायचो आणि मधोमध गुडघाभर पाण्यात उभी करायचो. चाकांतून चर्र आवाज, वाफेचे लोट. कुपावरचा लाकूडतोड्या सुकऱ्या मागे बसलेला असला की टाळ्या पिटायचा, ‘गाडी पानी पेली, गाडी पानी पेली!’ शेठही खूश, चिखल धुऊन निघायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा रस्ता. माझा बाप नांगर सुटला की तापलेले बैल असेच उल्हास नदीत उभे करायचा. तापलं जनावर पाण्यात घालायचं ही आपल्याकडची रीत. मी ती मोटारीला लावली आणि वर स्वतःला हुशार समजत होतो.

आनंदाचं उलट. तो नदीच्या अलीकडे आंब्याखाली जीप लावायचा आणि वीस मिनिटं नुसता बसून राहायचा. चाकाला हात लावून बघायचा आणि ते निवलं की मगच पाण्यात उतरायचा. मी त्याला हसायचो. तो एकदा म्हणाला, ‘मामा, चाकाच्या आतला ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो. घरचा बिडाचा तवा तापलेला असताना मामी त्याच्यावर पाणी ओततील का?’ सरळ, आदराने बोलला. मला ते झोंबलं. वीस वर्षं गाडी हाकणाऱ्याला काल आलेल्या पोराने तव्याची गोष्ट सांगावी? वर शेठ विचारायचा, हा पोरगा रोज उशिरा का येतो? तेव्हा मी हसून म्हणालो होतो, ‘तरुण आहे शेठ, झाडाखाली डुलकी लागत असेल.’ थट्टाच होती. पण थट्टेचं बी कुठे रुजेल ते सांगता येत नाही. शेठच्या मनात ते रुजलं.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे चोपन्नच्या दिवाळीच्या सुमाराला, जीपचं स्टेअरिंग थरथरायला लागलं. गाडी नुसती पळत असली की काही नाही, एका बोटावर चालवावी. ब्रेकवर पाय ठेवला की हातात कंप यायचा, आणि जोरात दाबला की कोपरापर्यंत हिसके. मला आधी जाणवलं. मी गप्प बसलो. जुन्या गाडीच्या जुन्या खोडी, असं स्वतःला सांगितलं. आनंदाला जाणवलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी वखारीच्या अंगणात शेठपुढे उभा राहिला. ‘शेठ, पुढचे ड्रम वाकडे झालेत. खोलून लेथवर गोल करून घ्यावे लागतील, नाहीतर उतरणीवर एखाद्या दिवशी गाडी हातातून जाईल.’ शेठ म्हणाला, ‘वाकडे झाले म्हणजे कुणी केले?’  आनंदाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव त्याच्या ओठांवर होतं, विठा, आणि त्याने ते गिळलं. तुला हे त्याने सांगितलं नसेल. मी आज सांगतोय.

शेठ माझ्याकडे वळला. ‘महिपती, तू जुना माणूस. जावई म्हणून त्याला पाठीशी घालू नकोस. खोट गाडीत आहे की हातात?’ वखारीतले सगळे बघत होते. गाडीत म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, गाडी इतकी वर्षं कुणाच्या हातात आहे? आणि शेठने जावयाचं नाव काढल्यावर मला उगाच आपली निःपक्षता दाखवायची हुक्की आली. मी म्हणालो, ‘गाडीत काही नाही शेठ. ब्रेकवर पाय जड आहे त्याचा.’ एवढंच वाक्य. ते बोलायला श्वासही पुरा लागला नसेल. आनंदाने खिशातून जीपची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली, शेठच्या नाही. त्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी भांडी बांधली. तू आईच्या गळ्यात पडून रडलीस आणि माझ्यासमोरून न बघता निघून गेलीस.

मला तेव्हा पाण्याचं माहीत नव्हतं असं लिहायला किती आवडलं असतं. खरं सांगतो, अर्धंमुर्धं माहीत होतं. तव्याची गोष्ट डोक्यात बसली होती, म्हणून तर झोंबली होती. पुरतं माहीत करून घ्यायची मला इच्छा नव्हती.

आणि गंमत बघ, या खोट्याबद्दल माझी वाहवा झाली. महिपतीने पोटच्या लेकीचा नवरा असून गय केली नाही, असा सचोटीचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं बेलवलीभर झालं. शेठ पाहुण्यांना चहा पाजताना माझ्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगतो. मी दाराशी उभा असतो, हातात टोपी. ते पाहुणे माझ्याकडे आदराने बघतात तेव्हा वाटतं, जमीन दुभंगावी आणि ह्या जीपसकट मी आत जावं.

पण खरी शिक्षा पुढे होती. गाडीत काही नाही असं चार माणसांत सांगून बसलो होतो. आता गाडी दुरुस्त करा असं कुठल्या तोंडाने सांगणार? आनंदा गेला, थरथर गेली नाही. ती वाढली. उतरणीवर स्टेअरिंग असं उसळायचं की बोटं बधिर व्हायची, आणि शेजारी शेठ बसलेला. त्याला कळू नये म्हणून मी कोपरं फासळ्यांना दाबून धरायचो, दात आवळायचो, आणि तोंडाने ‘हो शेठ, बरोबर शेठ’ चालू ठेवायचो. ब्रेक दाबायची वेळ आली की खोकला काढायचो, अंग हललं तर खोकल्याने हललं असं वाटावं म्हणून. शेठने मला वैद्याकडे पाठवलं. अडुळशाचा काढा दोन महिने प्यायलो, विठा, खोकला नसताना. हसू येईल तर हस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि दाबणारा हातही माझाच.

शेठ दुपारी झोपला की मी चोरासारखा जीपखाली शिरायचो. हवा तपासली, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली, थरथर तशीच. जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवून बघितलं, बेरिंग थोडं सैल होतं ते आवळलं. चार दिवस वाटलं की जमलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे बदलले, किंगपिन बघितले, ब्रेक बाहेरूनच आवळून सारखे केले. जिथे दुखत होतं ते सोडून सगळीकडे लेप लावला. ड्रमला हात लावत नव्हतो. ड्रम खोलला आणि आनंदा खरा निघाला तर? वर्षभर मी त्या एका जागेभोवती फिरत राहिलो.

तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात शेठ नाशिकला देवदर्शनाला गेला, चार दिवस. मी जीप काढली आणि कॅम्पात नेली, ज्याला आता उल्हासनगर म्हणतात. बदलापुरात कुणाकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत वखारीत कळलं असतं. चोराच्या मनात चांदणं. तिथे एका बराकीत टहलराम नावाचा सिंधी मिस्त्री आहे, सिंधमध्ये रेल्वेत टर्नर होता. बराकीच्या अर्ध्यात पडदा लावून त्याचा संसार, अर्ध्यात लेथ. पडद्यापलीकडे पापड लाटत होते आणि अलीकडे लोखंडाचा कीस उडत होता. मी त्याला आजवर काय काय बदललं त्याची लांबलचक यादी ऐकवली. त्याने हात वर केला. ‘साईं, एक बात बताओ. ब्रेक नहीं मारते तब हिलता है?’ मी म्हटलं नाही. ‘सिर्फ ब्रेक पे?’ हो. ‘फिर इतना सब काहे को खोला? सीधा ड्रम खोलना था.’ दोन प्रश्नांत झालं. आनंदाला तेही लागले नव्हते.

त्याने ड्रम लेथवर चढवला, हाताने हळू फिरवला आणि आतल्या अंगाला एक खडू स्थिर धरला. ड्रम गोल असता तर खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटली असती. ती अर्ध्या भागात उमटली, अर्धा भाग कोरा. दुसऱ्या ड्रमचं तसंच. म्हणजे ड्रम अंड्यासारखा झालेला. ब्रेक लागला की उंचवटा लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या आत घासणाऱ्या पट्टीवर, आपटणार, खोलगट भाग सुटणार, आणि तो धक्का दांड्यांतून थेट हातात. आत निळे डाग होते आणि केसासारख्या बारीक भेगा. टहलरामने चष्मा वर केला आणि विचारलं, ‘गरम ड्रम पे पानी डालते हो क्या?’

मी म्हणालो, नाही.

तो भेगांवरून बोट फिरवत म्हणाला, ‘तो कोई और डालता होगा.’ भला माणूस, मला वाट करून देत होता. आणि विठा, मी त्या वाटेने गेलो. मी म्हणालो, ‘हां, दूसरा ड्रायवर था. अब नहीं है.’ तो म्हणाला, ‘अच्छा हुआ गया.’ पडद्यापलीकडून कुणीतरी मला पापड आणि पाणी आणून दिलं, आणि मी ते खाल्लं. शेठपुढे बोललो तेव्हा भीती होती, चार माणसं होती. इथे कोण होतं? मला ओळखत नसलेला एक म्हातारा मिस्त्री. त्याच्यासमोर खरं बोलून माझं काहीच जाणार नव्हतं, तरी जिभेवर पहिलं नाव आलं ते तुझ्या नवऱ्याचं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. त्याआधी नुसती भीती वाटत होती.

त्याने दोन्ही ड्रम आतून हलकेच कापून गोल केले, पुन्हा खडू लावून दाखवला, रेघ सलग आली. नवे लायनर ठोकून दिले. जाताना बजावलं, एकदाच कापता येतं, पुढच्या वेळी ड्रम बदलावा लागेल, आणि तापलेले असताना पाण्यात घालू नका. मी परत येताना मुद्दाम तीन ठिकाणी जोरात ब्रेक मारला. स्टेअरिंग हातात मेल्यासारखं शांत. सुटलो असं वाटायला हवं होतं. गाडीतली खोट गेली, आता कोपरं दाबायला नकोत, काढा नको. मी मूर्ख, मला वाटलं हे आता इथेच मिटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेठ नाशिकहून आला आणि पहिल्याच फेरीला उतरणीवर बोलायचा थांबला.  तो म्हणाला, ‘महिपती, गाडी बघ कशी लोण्यासारखी थांबतेय. मला कळत नाही असं समजू नकोस, वर्षभर ही थरथरत होती. तुझ्या जावयाने करून ठेवलेलं, तुझ्या हातात राहून आता सुधारलं.’ ऐकतेस ना? मी चोरून केलेली दुरुस्ती आनंदाविरुद्धचा पुरावा झाली. गाडी बिघडलेली होती तोवर निदान एक साक्षीदार त्याच्या बाजूने होता. तोही मी मोडून टाकला.

आणि आता कालपरवाची बातमी. मोरिवलीच्या बाजूला अंबरनाथचे नवे कारखाने उभे राहतायत, त्यातल्या एकात ड्रायव्हर घेतायत. आनंदाने अर्ज केलाय हे मला ठाऊक नव्हतं. मुलाखतीत तो पसंत पडलाय. बुधवारी त्यांचं पत्र शेठकडे आलं, की हा माणूस आपल्याकडे होता, त्याच्या हातात गाडी द्यावी की नाही ते लेखी कळवा. शेठ म्हणाला, सोमवारी सकाळी दाखला लिहितो. काय लिहिणार ते त्याने मला बोलून दाखवलं: हाताचा जड, वेळेचा कच्चा, मालकाच्या गाडीची काळजी नाही. वर म्हणाला, ‘तूही खाली सही कर. सासऱ्याची सही म्हटल्यावर कुणी शंका घ्यायचं नाही.’

तेव्हापासून मी तीन वेळा शेठपुढे उभा राहिलो. एकदा म्हणालो, शेठ, आज हवा कोरडी आहे. एकदा म्हणालो, शेठ, पेट्रोल भरून आणू का? तिसऱ्यांदा नुसता उभा राहिलो आणि टोपी घालून परत आलो. कारण सांगू? ही खोली. वखारीमागची ही खोली ड्रायव्हरची आहे. ड्रायव्हर गेला की खोली गेली. खरं बोललो तर तू कदाचित बाळंतपणाला येशील, पण कुठे येशील? आणि गप्प राहिलो तर खोली आहे, खाट आहे, दुपटी आहेत, तू नाहीस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बावन्नाव्या वर्षी मला कोण गाडी देणार? वर शेठच्या तोंडून हे गावभर होणार. ज्या सचोटीवर लोक मला नमस्कार करतात तीच खोटी निघणार. हे सगळं मी भीती म्हणून लिहितोय, सबब म्हणून नाही.

काल दुपारी आईने नवं दुपटं पसरलं. तुझ्या लग्नातल्या माझ्या धोतराचं, काठाला लाल दोरा. माझ्याने ‘वा’ म्हणवलं नाही. मी फडताळातून तुझं कार्ड काढलं आणि गाळलेली ओळ तिला वाचून दाखवली. मग पाणी, तवा, टहलराम, सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने सुईला दोरा गुंडाळला आणि दुपट्याची घडी घातली. म्हणाली, ‘महिनाभर मी बायांना सांगत फिरले, लेक येते म्हनून. तुमी ऐकत व्हता ना?’ मी हो म्हणालो. मग ती उठली, माळ्यावरून गोणपाट काढलं आणि पितळी भांडी बांधायला लागली. मी म्हटलं, अगं, मी अजून शेठशी बोललो नाही. ती म्हणाली, ‘बोलाल तवा बोलाल. मी मोरिवलीला नाथाकडं जाते. तेची पडवी रिकामी हाय. बालंतीन तितं येईल. तुमाला यायचं आसंल तर बोलून या.’ एवढं लिहितोय तोवर तिचं हंडे-कळशा बांधणं चालू आहे. तिने नाथामामाला निरोपही धाडला. तुझी आई मला सोडून निघालेली नाही, तेवढं मला कळतं. मी यावं म्हणून ती पुढे निघाली आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. सोमवारी सकाळी शेठने कागद पुढे ओढायच्या आत मी त्याला सगळं सांगणार आहे, असं मी ठरवलंय. पण माझ्या ठरवण्यावर माझाच विश्वास उरलेला नाही, तीन वेळा बघितलं. म्हणून मी स्वतःची परतीची वाट आजच बंद करून टाकतोय. हे पत्र उद्या तुला मिळेल. ते तुझ्यासाठी आहे तितकंच आनंदासाठी आहे. त्याला सोमवारी पहिल्या गाडीने हे घेऊन वखारीत पाठव. दाराशी मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन ‘सांगितलं’ म्हणालो, तर त्याने हे खिशात ठेवून परत जावं. मी नजर चुकवली, तर मला ओलांडून आत जावं आणि ही पानं शेठपुढे ठेवावी. तो मला वाचवायला पुन्हा गप्प बसेल, ती त्याची खोड आहे, म्हणून तू त्याला शपथ घाल. शेठला वाचायला सोपं जावं म्हणून इथे सरळ लिहितो: जीपचे पुढचे दोन्ही ड्रम मी, माझ्या हाताने, तापलेले असताना बारवीच्या पाण्यात घालून बिघडवले. आनंदाने एकदाही नाही. तो मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही. त्याच्याविरुद्ध मी जे बोललो ते खोटं होतं. हे शुद्धीवर असताना लिहिलंय, कुणाच्या दडपणाखाली नाही. विठा, तुझ्या घरी येऊन तुझ्या नवऱ्याची माफी मागायची आहे, पण ती मला सोमवारनंतरच मागता येईल. तोवर माझी सही तुझ्याकडे ठेव.

तुझाच,
बाबा

महिपती राघो भोईर
ड्रायव्हर, हरिचंद्रशेठ यांची लाकडाची वखार, बेलवली